वाचकांचे प्रश्न : सशांच्या पाण्याचे निपल का गळतात?

प्रश्न : इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचे दुमजली घर असून मागच्या पडवीत, एकावर एक अशा दोन रांगांच्या पिंजऱ्यांत आम्ही चौदा ससे पाळले आहेत. रोज दोन वेळा वाट्या धुऊन भरण्याचे काम वाचावे म्हणून दिवाळीनंतर गच्चीवरच्या टाकीतून थेट पाइप आणून प्रत्येक पिंजऱ्याला निपल, म्हणजे सशाने जिभेने पिन हलवली की पाणी देणारी छोटी तोटी, बसवले. दोनदा निपल बदलूनही ते गळतात, वरचे पाणी खालच्या सशांच्या अंगावर पडते आणि लहान सशांना तर निपल दाबताच येत नाही. उन्हाळ्यात पाइपातले पाणी इतके तापले की पुन्हा वाट्या ठेवाव्या लागल्या. आमचे काय चुकले? शिवाय जूनमध्ये चार दिवस पुण्याला जायचे आहे. या व्यवस्थेच्या भरवशावर जाता येईल का?

उत्तर : निपल बदलण्यात आपला खर्च वाया गेला, कारण दोष निपलचा नसून दाबाचा आहे. पाण्याची टाकी जितकी उंच तितका खाली दाब अधिक, आणि दहा मीटर उंचीला तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरतो. आपली टाकी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असल्याने पडवीत येईपर्यंत हा दाब पाऊण किलोच्या आसपास असणार. सशांचे निपल याच्या अगदी थोड्या अंशावर चालण्यासाठी असतात; दाब वाढला की आतली पिन बैठकीवर घट्ट बसते, लहान सशाच्या जिभेला ती हलत नाही, आणि मोठ्या सशाने हलवली तर नीट परत न बसता थेंबथेंब गळत राहते. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

गच्चीची टाकी आणि पिंजरे यांच्यामध्ये वीस लिटरची एक छोटी, झाकणाची टाकी ठेवावी, तिला बॉल कॉक (टाकी भरताच पाणी आपोआप बंद करणारी तरंगत्या गोळ्याची तोटी) बसवावा आणि तिचा तळ वरच्या रांगेतील निपलपेक्षा दोन-अडीच फूट उंच असावा. खालच्या रांगेवर थोडा अधिक दाब येईल, पण तो चालतो. अडीच किलोचा ससा दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त, आणि पिलांना पाजणारी मादी एक लिटरही सहज संपवते. त्यामुळे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असले तरी वीस लिटर पुरतात.

दाब कमी केला की मात्र हवेचा त्रास सुरू होतो. पाइपात कुठे उंचवटा राहिला तर तेथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि पुढचे निपल कोरडे पडतात. म्हणून पाइपाला एकसारखा उतार द्यावा, शेवटच्या टोकाला टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच अशी एक उघडी उभी नळी काढावी आणि तेथेच खाली धुण्याचा कॉक बसवावा. पाइप पिंजऱ्याच्या बाहेरूनच न्यावा, आत फक्त निपलचे स्टीलचे टोक येऊ द्यावे; प्लास्टिक दाताखाली सापडले की ससा ते कुरतडल्याशिवाय राहत नाही.

पाइप काळाच घ्यावा. मी पहिल्यांदा पाणी दिसावे म्हणून पारदर्शक नळी घेतली होती. महिन्याभरात आत हिरवा थर धरला, त्याची एक खपली एका निपलमध्ये अडकली आणि रात्रभर पाणी वाहून पिलांच्या पेटीतले गवत व मादीने उपसलेली लोकर भिजून लगदा झाली. पिले वाचली, ती केवळ पहाटे जाग आली म्हणून. बोअरिंगचे पाणी वापरत असाल तर क्षारही असाच घात करतात. गळणारे निपल काढून, निम्मे व्हिनेगर व निम्मे पाणी यांत रात्रभर बुडवून, स्वच्छ धुऊन पुन्हा लावावे.

तापलेल्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. दहा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या वीस फूट पाइपात जेमतेम अर्धा लिटर पाणी मावते, तेव्हा दुपारी शेवटचा कॉक उघडून तेवढे काढून टाकले की टाकीतले थंड पाणी पुढे येते. टाकी सावलीत ठेवून तिच्याभोवती ओले तरट गुंडाळावे. माळव्याच्या कोरड्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळी गरम वाऱ्यात, हा उपाय माठासारखाच काम करतो.

औषधे या टाकीत मिसळू नयेत. कोणी किती प्यायले हे कळत नाही, आणि पेनिसिलिन वर्गातील औषधे सशाच्या पोटात गेली तर आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससाच दगावू शकतो.

बदल केल्यावर पहिला आठवडा वाट्या काढू नयेत, कारण उघड्या भांड्यातून ससा एरवीही अधिक पाणी पितो. निपलच्या टोकाला केळे किंचित चोळले की ससे ते चाटू लागतात. मुंग्या येतात म्हणून नंतर पुसून घ्यावे.

पुण्याला जाण्याबाबत माझे उत्तर नकाराचे आहे, निदान कोणी दिवसातून दोनदा डोकावणारे नसेल तर. शेजाऱ्यांना प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहायला शिकवावे आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक भरलेली वाटीही ठेवून जावे. पाणी बंद झालेला ससा आधी खाणे सोडतो, त्यामुळे एखाद्या पिंजऱ्याखाली लेंड्या बारीक किंवा कमी दिसल्या तर त्यांनी तुम्हाला लगेच फोन करावा. संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये.