मातीचा सामू (pH) 8.3 आलाय. सेंद्रिय पद्धतीने कमी कसा करू आणि गच्चीवरच्या कुंड्यांना काय घालू? शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सध्या राख घालणं चालू आहे. जिप्सम चालेल का?

सामू 8.3 म्हणजे चुनखडीची माती. तो आकडा खाली आणायच्या नादाला लागू नका. आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून राख घालताय असं लिहिलंय, ती आजच बंद करा. राखेवरून आमच्या घरात जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातले, काळ्या रानातले. परसात कागदी लिंबू आहे. त्याची शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. उसात असं दिसलं की गावातलं पोरगंसुद्धा केवडा पडलाय, म्हणजे लोह कमी पडलंय म्हणून सांगेल. पण आमचे भावजी म्हणाले, "वहिनी, झाड उपाशी हाय, राख घाला." नुसतं म्हणाले नाहीत, गुऱ्हाळावरून पोत्यानं राख आणून आळ्यात ओतायला लागले.

त्यांची सासुरवाडी महाबळेश्वरकडची. तिथं राखेनं भाजी तरारते हे त्यांनी पाहिलेलं, आणि ते खरंच आहे. तिथं वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मातीतला चुना धुऊन जातो, तांबडी माती आम्लधर्मी होते. राख चुन्यासारखीच सामू वाढवते, म्हणून तिला ती मानवते. आमच्याकडं पाऊस 600 च्या आसपास, चुना जागच्या जागी राहतो. त्यावर राख घालायची म्हणजे तापात शेकोटीशी बसवायचं.

मी माती तपासून आणली. सामू 8.4, मुक्त चुनखडी 11 टक्के. अहवाल पुढं ठेवला तर उत्तर आलं, "कागदावर झाडं वाढत न्हाईत." अहो, लोह मातीत भरपूर असतं, पण या सामूला ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून शेंडा पिवळा. एवढं पान बघून कळतं!

मी राख खरवडून काढली. दहा भाग ओल्या शेणखतात एक भाग हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) मिसळून आठ-दहा दिवस मुरवलं आणि आळ्यात घातलं, वर उसाचं पाचट पसरलं. पुढची पालवी हिरवीगार आली. भावजी अजूनही पाहुण्यांना ती राखेची करामत म्हणून दाखवतात. राख काढल्यावर झाड सुधारलं, हे मी इथं सगळ्यांदेखत लिहून ठेवते.

सामू कमी का करू नये म्हणते, त्याचा हिशेब बघा. 100 किलो चुनखडी संपवायला 32 किलो गंधक लागतं. 20 किलो मातीच्या कुंडीत 5 टक्के चुनखडी धरली तर ती झाली एक किलो, म्हणजे 320 ग्रॅम गंधक. एवढं एका कुंडीत कोण घालणार? चुनखडी शिल्लक आहे तोवर सामू परत वर चढतो. ताक, व्हिनेगर, चहापत्ती यांनी तर काहीच होत नाही. कुंडीच आहे तर निम्मी माती काढून शेणखत आणि कोकोपीट भरा, ते सोपं. खत म्हणून गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, जीवामृत पुरे.

हिराकस नुसतं मातीत टाकू नका, चुनखडीत ते लगेच निकामी होतं. फवारायचं तर लिटरला 5 ग्रॅम, सोबत एक ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड), तेही उन्हं उतरल्यावर. माल सेंद्रिय म्हणून विकणार असाल तर प्रमाणपत्र देणाऱ्यांना आधी विचारून घ्या.

जिप्समचं विचारलंय. ते चोपण जमिनीसाठी, म्हणजे सामू 8.5 च्या वर आणि पाणी मुरत नाही अशी, आणि तिथंही निचऱ्याची सोय असेल तरच. तुमच्या मातीला त्याचा उपयोग नाही. बोअरचं जड पाणी घालत असाल तर मात्र माती बदलूनही सामू परत चढेल, तेव्हा पाणीही तपासून घ्या आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी पिंपात धरा.