तिसरा पंपही गेला: हाय-फ्लो फ्यूल पंपांविषयी वाचकांचे प्रश्न

टर्बो किटविषयी लिहिल्यापासून टपालात निम्मी पत्रं फ्यूल पंपाचीच येतायत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांनी खापर पंपावरच फोडलंय. काही ठिकाणी ते बरोबर आहे, बऱ्याच ठिकाणी नाही.

प्रश्न : माझी २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आहे. टर्बो बसवलाय, बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) ०.७ बार. आठ महिन्यांत तासाला २५५ लिटर देणारा हा तिसरा पंप. पहिला दोन महिने चालला, दुसरा चार. आता तिसऱ्यावरही चौथ्या गिअरमध्ये जोर मारला की गाडी गचके खाते. कंपनीच बदलू का? (पिंपरी)

काढलेले दोन पंप कुठे आहेत? भंगारात गेले असतील तर पुरावाच गेला. घरात असतील तर एक पंप घासलेटाच्या बादलीत बुडवा, लांब वायरी जोडा आणि दुसरी टोकं बादलीपासून दूर नेऊन बॅटरीला लावा. म्हणजे ठिणगी पडली तरी दूर पडेल. पंप कोरडा फिरवू नका, पेट्रोलात तर हा प्रयोग मुळीच नको. ‘मेला’ म्हणून माझ्या बाकावर आलेले कितीतरी पंप असे छान फिरले आहेत.

फिरला, तर दोष वायरिंगमध्ये शोधायचा. तुमच्या गाडीची मूळ पंपाची वायर वीस वर्षांहून जुनी आहे आणि ती पाच-सहा अँपियरच्या हिशेबाने घातलेली. २५५ चा पंप साधारण दहा अँपियर ओढतो, बूस्टमध्ये दाब चढला की त्याहून जास्त. बारा धरू. जुने कपलर (वायरींचे जोड), गंजलेली अर्थ वायर, चिकट झालेला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) मिळून वाटेत फक्त ०.२ ओहमचा अडथळा असला तरी २.४ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बॅटरीवर १४ दिसतात आणि पंपाला मिळतात साडेअकरा. व्होल्टेज पडलं की पंपाचा फ्लो पडतो, आणि नेमका त्याच वेळी टर्बो जास्त पेट्रोल मागत असतो. चौथ्या गिअरमधला तुमचा गचका हाच असावा. खालच्या गिअरमध्ये ओढ दोन-तीन सेकंदांत संपते, म्हणून तिथे कळत नाही.

त्या अडथळ्यात वीज जाते कुठे? उष्णतेत. बारा अँपियर आणि ०.२ ओहम म्हणजे जवळजवळ २९ वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. तो सगळा ताप एकाच सैल पिनेवर आला तर काय होईल? टाकीच्या झाकणावरचं कपलर उघडून बघा. प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा पिना काळ्या पडल्या असतील, तर पंपाला निर्दोष सोडायला हरकत नाही.

उपाय महाग नाही. बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट मागे न्यायची, बॅटरीजवळच २० अँपियरचा फ्यूज, मागे चांगला रिले, तितक्याच जाडीची अर्थ वायर आणि रंग खरवडून बॉडीला नीट दाबलेलं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी). पंपाची मूळ वायर फक्त रिले चालवायला वापरायची. मग इंजिन चालू ठेवून पंपाच्या कपलरवर मीटर लावायचा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर काम अजून बाकी आहे. झाकणातून टाकीत जाणाऱ्या पिनाही विसरू नका, त्या बदलायला सगळेच कंटाळा करतात.

आता पंप खरंच फिरला नाही असं धरू. तर तो कापून बघा. या प्रकारच्या बऱ्याच पंपांत आत दातेरी चक्रांची जोडी असते आणि त्यांच्यात फट अगदी बारीक. दात्यांवर ओरखडे दिसले की कचरा आत गेला. वीस वर्षांहून जुन्या लोखंडी टाकीत गंजाचं पीठ असतंच. पंप तीनदा बदलला, पण टाकी एकदा तरी उतरवून धुतली का? आणि पंपाच्या तोंडाची जाळी दर वेळी नवी होती की जुनीच वळवून बसवली? जाळी चोंदली की पंप ओढतो, त्याला पेट्रोल मिळत नाही, आत बुडबुडे फुटतात आणि चक्रं झिजतात. जाळी पन्नास-शंभर रुपये वाचवायची जागा नव्हे.

शेवटी टाकीतली होज. हे मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीच्या काळात इंजिनजवळ वापरतात तीच साधी फ्यूल होज मी टाकीतल्या पंपाला लावली. तिचा आतला थर पेट्रोल सोसतो, पण बाहेरचा थर पेट्रोलात बुडून राहायला बनवलेला नसतो. तीन महिन्यांत ती फुगून केळ्यासारखी मऊ झाली आणि क्लिपमधून सरकली. पंप जोरात फिरत होता, पण पेट्रोल टाकीतल्या टाकीतच. गिऱ्हाईक म्हणालं, पंप गेला. टाकीत बुडवायच्या होजवर ‘एसएई जे३० आर१०’ असं छापलेलं असतं. तीच मागा, आणि स्क्रूच्या दातेरी क्लिपऐवजी गोल दाबणारी फ्यूल इंजेक्शनची क्लिप लावा.

हे सगळं होईपर्यंत बूस्ट बंद ठेवा. बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं की मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग सुरू होतं (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात ठोके बसतात) आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. मग पंपाची किंमत आठवणारही नाही.

प्रश्न : मेस्त्रीने नवा पंप रिले लावून थेट इग्निशनला जोडलाय. चावी फिरवली की पंप सुरू, बंद केली की बंद. गाडी उत्तम चालते. ठीक आहे ना? (सांगली)

नाही. आजच बदलून घ्या.

मूळ गाडीत पंपाची सूत्रं ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे असतात. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद पंप चालतो, मग इंजिन फिरतंय असा सेन्सरचा सिग्नल आला तरच पुढे. इंजिन थांबलं की पंप थांबतो. अपघातात इंजिन बंद पडलं, लाइन तुटली आणि चावी तशीच राहिली, तर तुमच्या जोडणीत पंप मिनिटाला चार लिटरच्या वेगाने पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. रिले ठेवा, पण त्याची कॉइल मूळ पंपाच्या वायरने चालवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० वर स्टेज टू मॅप (जास्त ताकदीसाठी ईसीयूची बदललेली सेटिंग) केला. पाच हजार आरपीएमच्या वर गाडी अचानक हात आखडते आणि फ्यूल प्रेशरचा कोड येतो. गॅरेज म्हणतं, टाकीतला पंप मोठा घाला. (ठाणे)

तुमच्यासारख्या टीएसआय (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या टर्बो) इंजिनात पंप दोन असतात. टाकीतला विजेचा पंप काही बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनावरचा दुसरा कॅमशाफ्टवर चालतो आणि तुमच्या इंजिनात दाब २०० बारपर्यंत नेतो. दुसरा कमी पडत असेल तर पहिला कितीही मोठा घाला, दुखणं तसंच राहणार.

गॅरेजला लॉग, म्हणजे गाडी पळवताना स्कॅनरने नोंदवलेले आकडे, मागा. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ओढ, रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, सोबत लो-प्रेशर (टाकीतल्या पंपाचा दाब). लो-प्रेशर आधी कोसळलं तर टाकीकडे बघा, ते टिकून रेलचा दाब पडला तर इंजिनावरच्या पंपाकडे. तुमच्या स्कॅनरला लो-प्रेशर दिसत नसेल तर लाइनमध्ये गेज लावून बघा. लॉग न काढता पंप सुचवणाऱ्या गॅरेजात मी तरी गाडी सोडणार नाही.

आणखी एक. या गाडीतला टाकीचा पंप पूर्ण व्होल्टेजवर चालत नाही. एक कंट्रोल मॉड्यूल गरजेप्रमाणे त्याला कमी-जास्त वीज देतं. जास्त अँपियरचा पंप त्याच मॉड्यूलवर टाकला तर मॉड्यूल तापून बसतं, आणि ते पंपापेक्षा महाग पडतं.

प्रश्न : पंप बदलल्यापासून आयडलिंगला काळा धूर आणि पेट्रोलचा वास. वर रेस दिली की ठीक. ॲव्हरेज ११ वरून ८ वर आलं. (सातारा)

पंप फार मोठा झालाय. आयडलला इंजिन तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल पितं. पंप दोनशे लिटर ढकलतो. उरलेलं सगळं दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून रिटर्न लाइनने टाकीत परत जायला हवं, पण मूळ रेग्युलेटरचं भोक आणि रिटर्नची नळी छोट्या पंपासाठी बनवलेली. पेट्रोल तुंबतं, रेलचा दाब तीन बारऐवजी चार-साडेचार होतो आणि इंजेक्टर तितक्याच वेळात जास्त पेट्रोल सोडतात. रेस दिल्यावर खप वाढतो, म्हणून तिथे सुधारतं.

लाइनमध्ये टी-आकाराचा जोड लावून गेज बसवा, आयडलचा दाब बघा. इलाज दोन: मोठा रेग्युलेटर आणि मोठी रिटर्न लाइन, किंवा छोटा पंप. तुम्ही पत्रात १३० बीएचपी लिहिलंय, तर मी दुसराच सांगेन.

त्याचा हिशेब सोपा आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात एका बीएचपीला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. २०० बीएचपीला ५४ किलो, म्हणजे सुमारे ७३ लिटर. वर चौथाई राखीव धरा, ९० झाले. आणि आपण २०० बीएचपीच्या गाडीत ४५० लिटरचा पंप घालतो, कारण मित्राने घातलाय! पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र कमी दाबाचा असू शकतो. दाब वाढला की फ्लो घटतो, तेव्हा तुमच्या दाबाला किती मिळतं तो तक्ता बघूनच पंप निवडा.

प्रश्न : मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. टाकीत पाव पेट्रोल होतं. अर्ध्या तासाने सेल्फ मारला, लगेच सुरू. पुण्यापर्यंत काही नाही. (पुणे)

टाकीतला पंप पेट्रोलात बुडून थंड राहतो. मोठा पंप कायम पूर्ण वेगाने चालतो, आणि इंजिनाच्या उष्णतेतून फिरून आलेलं गरम पेट्रोल परत टाकीत पडत राहतं. टाकी भरलेली असेल तर ते मुरतं. पाव टाकीत, मेच्या उन्हात, पेट्रोल तापून वाफ धरायला लागतं आणि पंप वाफ ओढतो. अर्धा तास थांबलात, निवलं, चालू झालं.

दुसरा संशय घाटातल्या वळणांचा. मूळ पंप एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसलेला असतो, तो डबा वळणावरही भरलेला राहतो. जाडा पंप बसत नाही म्हणून तो डबा कापून टाकतात. तुमच्याकडे कापलाय का ते विचारा. कापला असेल तर पाव टाकीत लांब वळण घेताना पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा पितो. हे कळेपर्यंत उन्हाळ्यात अर्ध्या टाकीखाली घाट चढू नका.

प्रश्न : ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे पंप खराब होतात का? (सोलापूर)

पंपावर अवलंबून. इथेनॉल सोसणाऱ्या पंपात कार्बनचा कम्युटेटर (मोटरच्या आत वीज पोचवणारा फिरता भाग) असतो, जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या कम्युटेटरचे पंप त्यात लवकर झिजतात. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत इथेनॉलचा उल्लेख नसेल तर घेऊ नका. जुन्या गाडीत पहिला त्रास वेगळाच होतो: इथेनॉल टाकीतला वर्षांचा मळ सुटा करतं आणि तो जाळीत अडकतो. म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर जाळी बघा. इथेनॉल ओलही धरतं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

पंपाच्या क्षमतेची काळजी नको. ई१० च्या तुलनेत ई२० ला चारेक टक्के जास्त इंधन लागतं, एवढंच. मॅप मात्र पुन्हा तपासा.

प्रश्न : वॉलब्रो कंपनीचा पंप ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतोय. खरा असेल? (कोल्हापूर)

वॉलब्रोच्या नावाने नकली पंप जगभर विकले जातात. फोटोवरून सांगता येणार नाही, हल्ली खोकीही हुबेहूब असतात. अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल, एवढाच भरवसा. घेऊन बसवलाच असेल तर मोजा. गाडी उघड्यावर, इंजिन थंड, अग्निशामक हाताशी. रिटर्न लाइन मापाच्या कॅनमध्ये सोडा, इंजिन बंद ठेवून रिले जोडून पंप तीस सेकंद चालवा. आलेल्या लिटरला १२० ने गुणा. २५५ च्या पंपाने तीन बारला दोन लिटरच्या आसपास द्यायला हवेत. सव्वा लिटर आलं तर आधी कपलरवरचं व्होल्टेज बघा, मग विक्रेत्याशी भांडा.

प्रश्न : नवा पंप फार कुंई-कुंई करतो. (नाशिक)

दातेरी चक्रांचे पंप आवाज करतातच. पहिल्या दिवसापासून एकसारखा असेल तर सवय करा. आधी नव्हता आणि आता वाढला, किंवा टाकी खाली गेली की चढतो, तर जाळी बघा.

प्रश्न : माझी स्विफ्ट पूर्ण स्टॉक आहे. हाय-फ्लो पंप घातला तर पिकअप वाढेल का? (लातूर)

नाही. टायर घ्या.