मुलीचा बाप्तिस्मा, नोंदणी पद्धतीचे लग्न आणि माझे कम्युनियन: नागपुरात सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसतो. तुमचा जन्म वसईच्या कॅथलिक घरातला, पण नोकरीच्या गावांमुळे चर्चशी संबंध नाताळपुरता उरला. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झाले. पत्नी नागपूरच्याच बौद्ध कुटुंबातील आहेत आणि त्यांना स्वतःला ख्रिस्ती व्हायचे नाही. तुमच्या तीन वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा व्हावा अशी वसईत अंथरुणाला खिळलेल्या तुमच्या वडिलांची इच्छा आहे आणि पत्नींचा त्याला विरोध नाही. तर फादर नाही म्हणतील का, आणि तुम्हाला स्वतःला पुन्हा कम्युनियन (उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी धर्मगुरू नाही. नागपुरातल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे ठरलेल्या हद्दीच्या स्थानिक चर्चमध्ये, रविवारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो आणि कार्यालयातल्या नोंदवह्यांच्या कामाला हातभार लावतो. उत्तर तेवढ्याच अधिकाराचे आहे.

मुलीच्या बाप्तिस्म्याला अडचण येण्याचे कारण मला दिसत नाही. तुमच्या कम्युनियनला मात्र आज अडचण आहे, आणि ती चर्चला न जाण्यामुळे नसून लग्नामुळे आहे. म्हणून फादरांकडे जाल तेव्हा मुलीच्या जन्मदाखल्याआधी लग्नाची हकिगत सांगा, असा माझा आग्रह राहील. बहुतेक लोक उलट करतात. हॉल आधी ठरतो, केक ठरतो, फादरांना सगळ्यात शेवटी विचारले जाते आणि अर्ज भरताना ‘लग्न कोणत्या चर्चमध्ये झाले’ या रकान्यापाशी सगळे अडते.

आधी चर्च कोणते ते पाहू. तुम्ही मनीषनगरकडे राहता असे लिहिले आहे आणि सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये चौकशी करावी का असे विचारले आहे. नागपूर हा १८८७ मध्ये स्थापन झालेला धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) १९५३ पासून महाधर्मप्रांत आहे आणि ते कॅथेड्रल त्याचे मुख्य मंदिर आहे, म्हणून नव्याने आलेल्या माणसाचे पाय तिकडेच वळतात. तिथे मिस्साला, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेला, अवश्य जा; परंतु संस्कारांसाठी तुमचे चर्च म्हणजे तुमची वस्ती ज्या पॅरिशच्या हद्दीत येते ते. कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, पॅरिश ही मुळात हद्दीवर ठरते, आणि एखाद्या ठिकाणी तीन महिने राहिले किंवा तेवढे राहण्याच्या इराद्याने गेले तरी तिथले प्रमुख धर्मगुरू तुमचे होतात. त्यासाठी जुने रहिवासी असण्याची गरज नाही. हद्द कुठे संपते हे कोणत्याही पॅरिशच्या कार्यालयात एका फोनवर कळते. भेटीसाठी रविवारच्या मिस्सानंतरची गर्दीची दहा मिनिटे निवडू नका, आठवड्यातली एखादी संध्याकाळ मागून घ्या. वसईत मराठीतूनच मिस्सा ऐकण्याची सवय असेल तर इथे थोडे परके वाटेल, कारण नागपूरच्या चर्चमध्ये गोवेकर, तमिळ, मल्याळी, छोटा नागपूरकडून आलेली आदिवासी कुटुंबे असा सगळा मेळ असतो आणि इंग्रजी-हिंदीचा वापर जास्त होतो. मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता असते तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

आता बाप्तिस्मा. १९८३ च्या कॅनन लॉमधील ८६८ व्या कलमात बालकाच्या बाप्तिस्म्यासाठी दोनच गोष्टी मागितल्या आहेत: आईवडिलांपैकी किमान एकाची संमती, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा. अशी आशा अजिबातच नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा आणि त्याचे कारण पालकांना समजावून सांगायचे, असे तेच कलम म्हणते. कायमचा नकार त्यात नाही. आईवडिलांचे लग्न चर्चमध्ये झालेले असले पाहिजे अशी अट त्यात कुठेही नाही. तेव्हा फादर तुम्हाला जे विचारतील ते या आशेविषयी असेल. मुलीला प्रार्थना कोण शिकवणार, रविवारी तिला चर्चमध्ये कोण आणणार, आजी-आजोबा दूर वसईत असताना इथे तिच्या आसपास श्रद्धावंत माणूस कोण आहे, असे साधे प्रश्न असतील आणि त्यांची खरी उत्तरे द्यावीत. ‘वडिलांची इच्छा आहे म्हणून’ एवढेच उत्तर असेल तर ते प्रामाणिक आहे, पण अपुरे आहे, आणि त्यावर एखाद्या फादरांनी थोडे थांबायला सांगितले तर मी त्यांना दोष देणार नाही. कायद्याला एका पालकाची संमती पुरत असली तरी तयारीच्या बैठकीला पत्नींना सोबत न्या. मुलीला वाढवणार तुम्ही दोघे आहात. नागपुरात दीक्षेचे महत्त्व कुणाला समजावून सांगावे लागत नाही, आणि पत्नींच्या मनात काही प्रश्न असतील तर ते त्यांनी स्वतः फादरांना विचारलेले बरे.

मुलीच्या वयाचाही एक मुद्दा आहे. सात वर्षे पूर्ण होईपर्यंत तिची गणना बालकांत होते आणि पालकांच्या शब्दावर संस्कार होतो. त्यानंतर तिला स्वतःला विचारले जाते, आणि प्रौढांसारख्या टप्प्याटप्प्याच्या तयारीतून तिला जावे लागते. म्हणजे वेळ हाताशी आहे, मात्र वडिलांची प्रकृती पाहता तुम्हाला तो वापरायचा नसणार.

धर्मपिता आणि धर्ममाता (गॉडपेरेंट) यांपैकी एकजण असला तरी चालतो. दोघे असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री हवी. त्यांची सोळा वर्षे पूर्ण झालेली असावीत, ते कॅथलिक असावेत, त्यांचे दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि कम्युनियन झालेले असावे आणि त्यांचे वागणे त्या जबाबदारीला साजेसे असावे; मुलीचे स्वतःचे आईवडील या जागी उभे राहू शकत नाहीत. तुमच्या मनात कार्यालयातले एक मल्याळी सहकारी आहेत. ते सिरो-मलबार विधीचे (केरळमधल्या जुन्या कॅथलिक परंपरेतले) असतील तर त्यांचे दृढीकरण बाप्तिस्म्याबरोबरच झालेले असू शकते, कारण त्या परंपरेत हे दोन्ही संस्कार एकत्र देतात. वेगळ्या दाखल्यासाठी त्यांना धावपळ करायला लावण्याआधी बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ते दिसते का पाहा. दुसरे मित्र चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहेत असे तुम्ही म्हणता. ते प्रोटेस्टंट चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात स्थापन झाले, त्यामुळे इथल्या जवळजवळ प्रत्येक कॅथलिक घराची त्यांच्याशी ओळखपाळख असते. त्यांचा बाप्तिस्मा आपले चर्च मान्य करते. परंतु कॅथलिक नसल्यामुळे ते धर्मपिता न होता, एका कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभे राहतील.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाला मात्र जास्त जागा द्यावी लागेल. कॅथलिक व्यक्तीचे लग्न चर्चच्या दृष्टीने वैध होण्यासाठी ते अधिकृत धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर व्हावे लागते. शिवाय जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर बिशपांची आगाऊ सूट लागते. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी झालेल्या नाहीत. याचा अर्थ तुमचा संसार खोटा आहे असे कुणी म्हणत नाही. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही पूर्णपणे पतिपत्नी आहात आणि १९५४ च्या कायद्याखालचा तुमचा दाखला पुढेही जसाच्या तसा राहील. पण हे लग्न चर्चमध्ये वैध होईपर्यंत तुम्हाला कम्युनियन घेता येणार नाही. नुसते कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) करून हा प्रश्न सुटत नाही, आणि असे कुणी सुचवले तर ऐकू नका.

यातून निघण्याचा रस्ता तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. दोघांचेही हे पहिलेच लग्न आहे असे मी धरून चाललो आहे. प्रमुख धर्मगुरू तुमच्या वतीने महाधर्मप्रांताकडे ही सूट मिळण्याचा अर्ज पाठवतात. त्यासाठी तुम्हाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: आपल्या श्रद्धेपासून दूर नेणारे धोके टाळण्याची तुमची तयारी आहे, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे यासाठी तुम्ही शक्य ते सर्व कराल. पत्नींकडून असे वचन घेतले जात नाही. तुम्ही काय वचन दिले आहे ते त्यांना कळवले जाते आणि लग्नाची एकनिष्ठता व कायमपणा याविषयी दोघांशी बोलणे होते. सूट मिळाल्यावर फादर आणि दोन साक्षीदारांसमोर तुम्ही दोघे पुन्हा संमती उच्चारता. मंडप, वाजंत्री, निमंत्रणपत्रिका यांपैकी काहीही लागत नाही; एखाद्या संध्याकाळी अर्ध्या तासात ते होते.

‘आमचे लग्न एकदा झाले आहे, मी पुन्हा उभी राहणार नाही’ असे पत्नींनी म्हटले, आणि तसे म्हणण्याचा त्यांना हक्क आहे, तरी वाट बंद होत नाही. तुमची मूळची संमती अजून टिकून आहे हे पाहून बिशप तेच लग्न मुळापासून वैध ठरवू शकतात. याला लॅटिनमध्ये ‘सानात्सियो इन रादीचे’ म्हणतात आणि त्यात संमती पुन्हा उच्चारावी लागत नाही. पॅरिशमध्ये हा पर्याय क्वचितच कुणी आपणहून सुचवते, म्हणून त्याचे नाव इथे मुद्दाम लिहिले. यातला कोणताही मार्ग पुरा झाला की कन्फेशन करा आणि कम्युनियन घ्या. तोपर्यंत मिस्सा चुकवू नका. कम्युनियनच्या रांगेत हात छातीवर दुमडून गेलात तर अनेक फादर आशीर्वाद देतात. तसे जायला संकोच वाटत असेल तर बाकावर बसून राहिले तरी काही बिघडत नाही. इतक्या वर्षांनी कन्फेशनला काय बोलायचे ही भीती बहुतेकांना असते. ‘फादर, फार वर्षांनी आलो आहे, मला मदत करा’ एवढ्या वाक्यावर पुढचे ते चालवतात, आणि तिथे बोललेले ते कधीही, कुणालाही सांगू शकत नाहीत.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचा तुमच्या बाप्तिस्म्याचा नवा उतारा. तुमच्या आईने पेटीत जपलेला जुना दाखला चालणार नाही. बाप्तिस्म्याची नोंदवही सातबाऱ्यासारखी असते: मूळ नोंद एका ओळीची, पण पुढचे दृढीकरण, लग्न, धर्मगुरुपदाची दीक्षा असे सगळे फेरफार तिच्याच समासात चढत जातात, आणि तुमचे आधी कुठे चर्चमध्ये लग्न झालेले नाही हे ताज्या उताऱ्यावरूनच कळते. लग्नाच्या कामासाठी तो साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला मागतात. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. तुमचा बाप्तिस्मा त्याआधीचा असला तरी चौकशी मुंबईला न करता ज्या चर्चमध्ये तो झाला तिथेच करा.

राहिला बाप्तिस्मा नागपूरला की वसईला हा प्रश्न. सामान्य नियमाने तो पालकांच्या पॅरिशमध्ये व्हावा, पण योग्य कारण असेल तर दुसरीकडे करता येतो, आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा हे योग्य कारण आहे. मी तुमच्या जागी असतो तर पालकांची तयारी इथे पुरी केली असती, इथल्या फादरांचे पत्र घेतले असते आणि संस्कार वसईला केला असता. नोंद वसईच्या वहीत राहील. पुढे नागपुरात तिचे दृढीकरण झाले की इथून तिकडे कळवले जाईल. सात-आठ वर्षांची झाली की धर्मशिक्षणाच्या वर्गातून तिची पहिल्या कन्फेशनची आणि पहिल्या कम्युनियनची तयारी होईल. ते वर्ग मात्र जिथे राहता तिथेच करावे लागतात, सुट्टीत गावी जाऊन आठ दिवसांत उरकता येत नाहीत.

खर्चाचे विचारलेत. संस्काराची किंमत नसते. महाधर्मप्रांताने ठरवून दिलेले ऐच्छिक दान असते, त्याची पावती मागावी, आणि ते देणे जमत नसेल म्हणून कुणालाही संस्कार नाकारता येत नाही.

वडिलांविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी लिहितो. रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी, हा केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार आहे ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे आणि तिच्यामुळे घरची माणसे फादरांना बोलवायला घाबरतात. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे प्रकृती धोक्याच्या बाजूला झुकू लागली की तो देता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हाही देतात. वसईच्या फादरांशी बाप्तिस्म्याचे बोलणे कराल त्याच फोनवर वडिलांच्या घरी येण्याविषयीही विचारा. माणूस शुद्धीवर असताना, स्वतः प्रार्थना म्हणू शकत असताना आणि कम्युनियन घेऊ शकत असतानाच ते झालेले चांगले. त्यासाठी मुलीच्या बाप्तिस्म्याच्या तारखेपर्यंत थांबू नका.