अनुदान मिळणारच नाही असं धरून गणित मांडा

प्रश्न : आम्ही कॅनडात यलोनाईफला राहतो. माझे मिस्टर हिऱ्यांच्या खाणीत होते. खाण बंद होत असल्यामुळे त्यांची नोकरी गेली आणि निरोपाचे ४० हजार डॉलर हातात आले. मी शाळेत नोकरी करते. पर्यटकांना नॉर्दर्न लाइट्स (ध्रुवीय प्रकाश) दाखवणारा एक छोटा व्यवसाय १ लाख ९० हजार डॉलरला विकायला निघाला आहे. त्यात २ व्हॅन, तळ्याकाठची केबिन आणि थंडीच्या कपड्यांचा साठा मिळेल. मालक म्हणतात, सरकारी अनुदान ५०-६० हजार सहज मिळतं. ओळखीचा एक ट्रॅपर आहे, म्हणजे फरसाठी सापळे लावून जनावरं पकडणारा, इथल्या डेने या मूळनिवासी समाजातला. त्याच्याबरोबर पर्यटकांना सापळ्यांची वाट दाखवायची आणि थोडी फर विकायची, असाही विचार आहे. आमच्याकडे टीएफएसएत (करमुक्त बचत खातं) ६२ हजार, आरआरएसपीत (निवृत्तीसाठीची बचत) ४८ हजार, मुलीच्या आरईएसपीत (शिक्षणासाठीची बचत) २१ हजार आहेत आणि नाशिकला एक प्लॉट आहे. उडी घ्यावी का?

उत्तर : ताई, या किमतीला आणि या घाईने घेऊ नका. व्यवसाय वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुमचं सगळं गणित अनुदानावर उभं आहे. मुलीच्या पैशांसकट सगळे डबे उलटे केले तरी १ लाख ७१ हजारच होतात.

सरकारी मदत नेमकी कोणती जोखीम उचलते, ते आधी बघा. फरच्या बाबतीत तुमच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशाचं सरकार ट्रॅपरला कातड्यांवर हमीची उचल देतं. माल लिलावात जातो आणि चढा भाव आला तर वरचे पैसे ट्रॅपरला मिळतात. म्हणजे भाव पडण्याची भीती सरकार अंगावर घेतं. या धंद्यात त्याची गरजही आहे, कारण २०१९ मध्ये नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्ससारख्या मोठ्या लिलाव कंपनीवर धनकोंपासून संरक्षण मागायची वेळ आली होती. पर्यटनातली मदत वेगळी असते. छोट्या उद्योजकांसाठीची ‘सीड’ योजना साधनसामग्री किंवा जाहिरात अशा खर्चाचा वाटा उचलते. रिकाम्या व्हॅनचे पैसे कोणी देत नाही. शिवाय अशा योजनांमध्ये मंजुरीच्या आधी केलेला खर्च सहसा धरत नाहीत. म्हणून आधी व्यवहार आणि मग अर्ज, असा क्रम ठेवलात तर हाती काहीच न येण्याची शक्यता मोठी आहे. अनुदानातून घेतलेल्या वस्तूची करासाठीची किंमत तेवढ्याने कमी धरतात, त्यामुळे घसाऱ्याची वजावटही घटते.

व्हॅन रिकामी राहते का? राहते. मार्च २०२० पासून जवळजवळ २ वर्षं बाहेरच्या पर्यटकांना तिथे येताच आलं नाही. १६ ऑगस्ट २०२३ ला वणव्यामुळे अख्खं शहर रिकामं करायचा आदेश निघाला आणि लोक परतले ते ६ सप्टेंबरपासून. शरदातला हंगाम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो, तेव्हा त्यातले किती आठवडे गेले ते तुम्ही स्वतः पाहिलंत. आणखी एक गोष्ट. सूर्याचं सुमारे ११ वर्षांचं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं. यलोनाईफ ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्यामुळे तिथे प्रकाश दिसत राहीलच, पण जगभर या विषयाची जी हवा झाली ती टिकेल असं धरू नका. म्हणून एकट्या २०२४ च्या जमाखर्चावरून किंमत ठरू देऊ नका. २०१९, २०२३ आणि २०२४ असे तिन्ही हिशेब मागा.

आता तुमच्या पैशांकडे वळू. आरईएसपीला हात लावू नका. तुमच्या भरण्यावर सरकारने घातलेले २० टक्के शिक्षणाआधी पैसे काढल्यास परत जातात. हातातलं हक्काचं अनुदान सोडून बेभरवशाच्या अनुदानामागे धावणं मला पटत नाही. आरआरएसपीतून एका वेळी १५ हजारांच्या वर काढलेत तर ३० टक्के जागीच कापले जातात आणि खात्यात तेवढे पैसे पुन्हा भरण्याची जागा (मर्यादा) परत मिळत नाही. टीएफएसएचं तसं नाही. काढलेल्या रकमेची जागा पुढच्या १ जानेवारीला परत मिळते. त्यामुळे जोखमीत घालायचे असतील तर हेच ६२ हजार घाला. ४० हजार ही घराची बेगमी. मिस्टरांना स्थिर काम मिळेपर्यंत ती मोडू नका.

नाशिकचा प्लॉट या व्यवहारासाठी घाईने विकू नका. भारतात दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आणि वर अधिभार-उपकर आहे. अनिवासी असल्यामुळे खरेदीदार टीडीएसही कापेल. कॅनडातही तो नफा दाखवावा लागतो, पण तिथे रहिवासी झालात त्या दिवसाची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरतात आणि भारतात भरलेल्या कराचं श्रेय मिळतं. त्या तारखेचं मूल्यांकन आत्ताच करून ठेवा.

माझा पर्याय असा. मिस्टरांनी नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा हिवाळा मालकांबरोबर पगारावर काम करावं. काम जमलं आणि आवडलं तर ६० हजार रोख द्या आणि उरलेली किंमत पुढच्या ३ हिवाळ्यांच्या उत्पन्नातून टप्प्याटप्प्याने. केबिनखालच्या जागेचा भाडेकरार आणि पर्यटन परवाना आपोआप तुमच्या नावावर होईल असं समजू नका, दोन्ही लेखी तपासा. प्रवाशांच्या विम्याचा हप्ताही आधी विचारा. सीडचा अर्ज त्याच हिवाळ्यात करा. मंजूर झाला तर बेगमी वाढेल, नाही झाला तरी काही अडणार नाही.

ट्रॅपरबरोबरची कल्पना मला मनापासून आवडली. पण वाट त्याची, ज्ञान त्याचं. त्याला दर फेरीचा ठरलेला मोबदला द्या आणि काय दाखवायचं ते त्यालाच ठरवू द्या. सापळ्यातलं जनावर बघणं सगळ्यांना झेपत नाही, तेव्हा बुकिंगच्या वेळीच पाहुण्यांना कल्पना द्या. फरविक्रीचा एक डॉलरही जमेत धरू नका.

उत्तरेत राहणाऱ्यांची करातली वजावट घेता ना? घरातून एकानेच घेतली तर दिवसाला २२ डॉलरपर्यंत, म्हणजे वर्षाला ८,०३० डॉलर करपात्र उत्पन्नातून वजा होतात. आतापर्यंत घेतली नसेल तर मागच्या वर्षांची विवरणपत्रंही दुरुस्त करता येतात. हे काम याच महिन्यात करा.

आणि मालकांनी ते तीन वर्षांचे हिशेब द्यायला टाळाटाळ केली, तर किंमत कितीही उतरवली तरी व्यवहार सोडून द्या.