फॉर्म भरण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सरपंचपद या खेपेला महिलेसाठी सुटलंय, घरचेही तयार आहेत. पण समोरच्या बाईंच्या दिराचे ‘भावी सरपंच’वाले फ्लेक्स आत्तापासून चौकात लागलेत (बाईंचा फोटो कोपऱ्यात, दिराचा मधोमध). त्याने जत्रेत बैलगाडा शर्यतीला बक्षीस लावलं, बस भरून बायकांना देवदर्शनाला नेलं, त्याची रील गावभर फिरतात. आणि तू विचारतेस, ‘काका, आता लायकी बघतंय कोण?’

अगं, मतदानाच्या दिवशी नुसती लायकी कधीच कुणी मोजली नव्हती. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकर हरले, काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्षच पडला. तेव्हा ‘पूर्वी लोक माणूस पारखून मत द्यायचे’ असं कुणी म्हणालं, तर ऐकून घे आणि सोडून दे.

तुझ्या प्रश्नाला चपखल बसणारं उदाहरण २००४ चं आहे. उत्तर मुंबईतून राम नाईक सलग पाच वेळा खासदार झालेले, त्या वेळी पेट्रोलियम मंत्री. लोकलच्या प्रवाशांचे प्रश्न घेऊन भांडणारा माणूस. त्यांना सिनेमातल्या गोविंदाने हरवलं. पुढच्या खेपेला, २००९ ला, गोविंदा उभाच राहिला नाही. इथवर ऐकलं की लोक मान डोलवतात. पण शेजारच्याच वायव्य मुंबईत सुनील दत्त १९८४ साली राम जेठमलानींसारख्या वकिलाला हरवून आले, तेही पडद्यावरच्या नावावरच. दत्त मात्र पाच वेळा निवडून आले आणि १९८७ ला पंजाब पेटलेला असताना मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी चालत गेले. गोविंदा आणि दत्त, दोघांची सुरुवातीची पुंजी एकच होती. त्यामुळे लोकप्रिय माणूस दिसला की नाक मुरडायची सवय लावून घेऊ नकोस. गावात दारोदार ओळख असणं, कुणाच्या घरी मयत झाली की पहिल्या तासात तिथे पोचणं, हे सरपंचाच्या कामातच येतं. तुझी एम.ए.ची पदवी ते काम करणार नाही.

पदवीवरून आठवलं. थेट सरपंच निवडीचा कायदा २०१७ ला आला, तेव्हा १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट घातली. तुला ती लागू आहे, अडचण नाही. पण मी सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून काढली, आणि सही करायला वेळ लागणाऱ्या काही सरपंच बाया कॅशबुकातली चूक माझ्याआधी पकडायच्या. सातवीच्या दाखल्याने यातलं काय कळतं?

थेट निवडणुकीने मात्र गणित बदललं, हे खरं. आधी वॉर्डातून निवडून आलेले सदस्य सरपंच ठरवायचे. मग २०१७ ला थेट झालं, २०२० ला बंद झालं, २०२२ ला पुन्हा सुरू. थेट निवडणुकीत गावभर चेहरा चालावा लागतो, म्हणून फ्लेक्स वाढले. पण जुनी पद्धत काही सोवळी नव्हती. सदस्य सहलीला पळवून नेणं, ऐन बैठकीच्या दिवशी गाडीतून आणून उतरवणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि बिनविरोधचंही फार कौतुक नको. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूकच रद्द करावी लागली. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली होती, देवळासाठी म्हणून. त्यापेक्षा रील परवडली.

मला काळजी निवडून येण्याची नाही, नंतरची आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी वसूल करायची वेळ येते तेव्हा थकबाकीच्या यादीत पहिलं नाव भावकीतलं असतं, दुसरं प्रचाराला गाडी दिलेल्याचं. ज्याला सगळ्यांचं आवडतं राहायचंय तो यादी बाजूला सारतो. मग पाण्याचं वीजबिल थकतं, मोटार बंद पडते आणि शिव्या ग्रामसेवकाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशातला ६० टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेल्या अबंधित पैशावर सगळ्यांचा डोळा. कुणाला दारापुढे पेव्हर ब्लॉक हवे, कुणाला देवळापुढे सभामंडप, आणि गटाराचं नाव कुणी काढत नाही कारण गटाराचं उद्घाटन करता येत नाही. तिथे ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावरही माणूस आपल्याकडे राहतो का, एवढंच मी लायकीत धरतो. हिवरे बाजारला पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा एम.कॉम. झालेले होते हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअरवेल नाही, असे एकामागून एक नावडते निर्णय त्यांनी गावाकडून मान्य करून घेतले.

पाटोद्याचंही तू ऐकलं असशील. तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्यांना दळण फुकट देण्यासारख्या युक्त्यांनी गावाचं नाव राज्यभर नेलं. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यांची मुलगी तिथे पडली. ‘गावाला किंमत नाही’ असं पुष्कळांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. बापाच्या कामावर मुलीला मत मिळत नाही, यात गावाचं शहाणपणही असू शकतं. तुझ्या आजोबांचं नाव प्रचारात घेणार असलीस तर हे लक्षात ठेव.

आता कामाचं. येत्या ग्रामसभेला जा, आणि तिच्याआधी महिला ग्रामसभा व्हायला हवी, ती कागदावर होते की खरंच होते ते बघ. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, त्यांची इतिवृत्तं माग. नमुना ८ आणि ९, म्हणजे कर आकारणीची आणि कर मागणीची नोंदवही, वाच, कुणाकडे किती थकलंय ते समजेल. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर गावाचा विकास आराखडा मोबाइलवर दिसतो. त्यातली दोन कामं निवड आणि जागेवर जाऊन पाहून ये. बोभाटा करू नकोस, नुसतं पाहून ये.

पॅनेलच्या सदस्यांकडेही लक्ष दे. तू थेट निवडून आलीस आणि सदस्य समोरच्यांचे जास्त आले, तर प्रत्येक ठरावाला अडशील. तुझ्यावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मंजुरी. म्हणजे खुर्ची शाबूत राहील, पण काम होईलच असं नाही.

आणि घरातल्या पुरुषांशी फॉर्म भरण्याआधीच बोलून घे. सही तुझी आणि शिक्का दुसऱ्याच्या खिशात, असं होणार असेल तर उभी राहू नकोस. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, जिंकलीस तरी आणि पडलीस तरी. म्हणून पहिल्या चहापासूनची बिलं एका वहीत चिकटवत जा. वही स्वतःकडे ठेव.

तुझा,
काका