‘गप्प बसण्यावर कसली पीएचडी?’

प्रिय ताई,

तुमची मुलगी पुण्यात फ्रेंचच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कथा-कादंबऱ्यांमधलं मौन हा विषय घेऊन तिला पीएचडी करायची आहे. ‘गप्प बसण्यावर कसली पीएचडी? आणि पुढे पोटापाण्याचं काय?’ असं तुम्ही विचारलंत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण ते पटलं नाही तर दुसऱ्यावर बोलण्यात अर्थ नाही.

एमिल झोलाची १८६७ सालची ‘तेरेझ राकँ’ ही कादंबरी घ्या. तेरेझ आणि तिचा प्रियकर लोराँ तिच्या नवऱ्याला नदीत बुडवून मारतात आणि पुढे लग्न करतात. मेलेल्या मुलाच्या आईला कसलाच संशय येत नाही. मग तिला पक्षाघात होतो, हातपाय जातात, वाचा जाते. आणि वाचा गेल्यावर, या दोघांच्याच तोंडून, तिला खून कळतो. दर गुरुवारी घरी डॉमिनो खेळायला माणसं येत असतात. अशाच एका गुरुवारी सगळा जीव एकवटून ती टेबलावर बोटानं अक्षरं काढते, ‘तेरेझ आणि लोराँनी...’ आणि हात गळून पडतो. ग्रिव्हे नावाचा एक पाहुणा मोठ्या खुशीत वाक्य पुरं करतो: माझी फार काळजी घेतली!

मूळ फ्रेंचमध्ये नावांनंतर ‘ओं’ (इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखं) एवढं एकच छोटं क्रियापद येतं. काय केलं ते सांगणारा पुढचा शब्द येतच नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यामुळे भाषांतर करणारा इथे अडणार असं वाटतं. पण आपला ‘नी’ मदतीला येतो. या दोघांनी काहीतरी केलं एवढं तो सांगतो आणि काय केलं ते दडवतो. त्यातही एक मेख आहे. ग्रिव्हेचं वाक्य फ्रेंचमध्ये वर्तमानकाळातलं आहे, ‘नी’मुळे मराठीत ते भूतकाळात जातं. हे चालेल का? ताई, गप्प बसण्याचा अभ्यास म्हणतात तो हा. न बोललेला शब्द वाक्यात नेमका कुठे गळला ते शोधायचं.

आणखी एक गोष्ट मुलीला जरूर सांगा. १८७३ मध्ये झोलानं याच कादंबरीचं नाटक केलं आणि त्यात म्हाताऱ्या आईला शेवटी वाचा परत दिली. कादंबरीत ती दोघांची प्रेतं जवळपास १२ तास नुसती बघत राहते. रंगमंचावर मात्र ‘फार लवकर मेले!’ असं म्हणते. एकच लेखक, एकच गोष्ट, मधे सहा वर्षं. पानावर जे मौन पेललं, ते प्रेक्षकांसमोर का पेललं नसेल? माझं स्पष्ट मत आहे की तिचा प्रबंध इथे आहे. ‘एकोणिसाव्या शतकातलं मौन’ हा विषय अवाढव्य आहे. त्यात बाल्झाकच्या कथेतली, कपाटात कोणी नाही अशी क्रुसावर शपथ घेतल्यामुळे प्रियकर भिंतीत चिणला जात असतानाही त्याच्यासाठी दयेची भीक मागू न शकणारी बाई येते. दुमाच्या कादंबरीतला, फक्त डोळ्यांच्या उघडझापीनं मृत्युपत्र सांगणारा लुळा म्हातारा नुआर्तिए येतो. फ्लोबेरनं १८६९ च्या कादंबरीत दोन प्रकरणांच्या मधे गाळून टाकलेली पंधराएक वर्षंही येतात. सगळं घेऊन बसली तर दहा वर्षं पुरणार नाहीत. कादंबरीतून नाटकात जाताना मौनाचं काय होतं, एवढंच तिनं धरावं. दुमानंही स्वतःच्या कादंबऱ्या रंगमंचावर आणल्या होत्या, तेव्हा सामग्री कमी पडणार नाही. जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

आता पोटापाण्याचं. विद्यापीठांत फ्रेंचच्या कायम जागा थोड्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या जास्त. हे तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून एमए संपतानाच तिनं दोन गोष्टी कराव्यात. एक, यूजीसी नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. फ्रेंच हा त्यातला स्वतंत्र विषय आहे आणि जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. पीएचडीचा भार घरावर पडत नाही. जेआरएफ मिळाली नाही तर घरच्या पैशावर पीएचडी सुरू करू नये, आधी नोकरी धरावी. दुसरी, डाल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राची सी-१ ही वरच्या पातळीची परीक्षा. शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं, भाषांतर, कंपन्यांमधली भाषेची कामं, सगळीकडे हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं आणि फ्रान्समध्ये शिकायला जायचं ठरलं तर तिथेही. फ्रेंच विद्यापीठात संशोधनासाठी तीन वर्षांचा पगारी करार असतो. चुरस मोठी असते, पण नेमका विषय घेऊन जाणाऱ्याला निदान दार ठोठावता येतं.

निर्णय आजच नको. ती दिवाळीला घरी येईल तेव्हा त्या गुरुवारच्या प्रसंगाची दोन-तीन पानं तिला मराठीत करायला सांगा आणि तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवू द्या. ‘नी’नंतर तिनं काय केलं, ते मला कळवा.

तुमची,
करिअर मार्गदर्शक