'आम्ही जबाबदार नाही' या फॉर्मवर सही केली, आता दाद मागता येईल का?

ताई, इतर वाचकांसाठी तुमची हकिकत आधी थोडक्यात सांगते. चुलत बहिणीच्या लग्नाआधी नाशिकच्या एका 'स्किन क्लिनिक'मध्ये साडेचार हजार रुपये भरून तुम्ही केमिकल पील, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा उपचार, करून घेतलं. पांढरा एप्रन घातलेल्या मॅडमनी एका फॉर्मवर सही घेतली. चेहरा भाजतोय म्हणालात, तर "झोंबणारच, म्हणजे काम करतंय" असं उत्तर मिळालं. गाल पांढरे पडले, दुसऱ्या दिवशी फोड आले आणि आज तीन महिन्यांनी दोन्ही गालांवर काळे चट्टे आहेत. मॅडम पैसे परत करायला तयार आहेत, पण 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून दिलंत तरच. फॉर्ममध्ये 'दुष्परिणामांना आम्ही जबाबदार नाही' असं छापलंय, तेव्हा केस उभीच राहणार नाही, असं तुमचे दीर म्हणतात.

दिरांचं ऐकू नका. संमती उपचाराला असते, हलगर्जीपणाला नसते. शिवाय ती समजून दिलेली असावी लागते. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की उपचार कसला, त्यात धोका काय आणि दुसरा पर्याय कोणता, हे रुग्णाला पुरेसं सांगायला हवं. तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या फोटोत ॲसिडचं नाव नाही, टक्केवारी नाही, डाग पडू शकतात असा शब्दही नाही. तुम्ही ट्रेटिनॉइनचं क्रीम लावत होतात, हेही कोणी विचारलं नाही. पीलच्या आधी काही दिवस ते बंद करायला सांगतात, कारण त्याने त्वचा हळवी झालेली असते आणि ॲसिड जास्त खोल उतरतं.

म्हणजे झालेल्या सहीची चिंता नको. चिंता आता पुढे केलेल्या कागदाची करा. त्यावर सही झाली की 'तडजोड झाली, विषय संपला' असा पवित्रा समोरचा वकील पहिल्याच तारखेला घेईल. पैसे घ्यायचेच असतील तर 'माझे बाकीचे हक्क राखून स्वीकारत आहे' असा मेसेज आधी पाठवा.

तुमची बाजू किती भक्कम आहे, हे दोन गोष्टींवर ठरेल. त्या मॅडम कोण, आणि बाटलीत काय होतं.

मॅडम नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ असतील तर लढाई सोपी नाही, हे आधीच सांगते. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पीलनंतर डाग राहणं हा माहीत असलेला धोका आहे, नीट काळजी घेऊनही तो कधीकधी उद्भवतो. तेव्हा चूक नेमकी कुठे झाली, हे दाखवावं लागेल. पण त्या चार-सहा महिन्यांचा कॉस्मेटॉलॉजी डिप्लोमा भिंतीवर लावून बसलेल्या असतील, तर चित्र पालटतं. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल (१९९६) या मुंबईच्या प्रकरणात म्हटलंय. तिथे होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला होता. मॅडमचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का, ते आजच बघा.

पार्लरमधलं प्रत्येक पील बेकायदा, असं मी म्हणणार नाही. सौम्य ग्लायकॉलिक ॲसिड वरवरच्या थरावर काम करतं. पण गाल पांढरे पडणं आणि नंतर फोड, हे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडच्या खोल पीलशी जुळू शकतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम, म्हणून सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात तपासून घ्या आणि 'रासायनिक भाजणे' असं निदान असेल तर केसपेपरवर स्पष्ट लिहून मागा. घरी लिंबू-हळद लावत बसू नका. 'डाग तिच्याच उपायांनी वाढले' हा बचाव आयता मिळतो.

बिल दिलं नाही म्हणता. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीपेची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं 'उद्या ४ वाजता पील' हे अपॉइंटमेंटचं उत्तर एवढ्यावर सेवा घेतल्याचं सिद्ध होतं. ते चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

मग पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने. त्यात कोणतं उत्पादन, किती टक्के, किती मिनिटं ठेवलं आणि मॅडमचा नोंदणी क्रमांक, ही माहिती मागा. उत्तर टाळलं तर ते टाळणंही आपल्या बाजूनेच बोलतं. पुढची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते, सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मागणी करताना हात आखडू नका, पण चाळीस लाखही लिहू नका. पीलचे पैसे, उपचारांचा झालेला आणि पुढचा खर्च, बुडालेले कामाचे दिवस, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च, एवढं हिशेबासकट मांडा.

तुमच्या यजमानांना आधी पोलिसात जायचंय. तो मार्ग वेगळा, आणि दोन्ही एकदम चालू शकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये निष्काळजी कृत्याने दुखापत केल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. दुखापत गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत. चेहऱ्याची कायमची विद्रूपता कलम ११६ नुसार गंभीर दुखापतीत मोडते. पण तीन महिन्यांच्या डागाला कोणी डॉक्टर आज 'कायमचा' म्हणणार नाही, बरेचसे डाग पुढे फिकट होतात. साध्या दुखापतीच्या गुन्ह्याला मात्र एका वर्षाची मुदत आहे, तेव्हा लेखी अर्ज आत्ताच देऊन पोच घ्या. मॅडमची नोंदणी नसल्याचं निघालं तर नोंदणीशिवाय वैद्यकी करायला बंदी घालणारं महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ चं कलम ३३ अर्जात आवर्जून घाला.

आणि इन्स्टाग्रामवर त्यांचं नाव घेऊन लिहिण्याबद्दल विचारलंय. लिहा, पण घडलं तेवढंच: तारीख, उपचार, फोटो. 'भोंदू', 'लुटारू' हे शब्द टाळा, नाहीतर त्यांना तुमच्यावर बदनामीची नोटीस काढायला निमित्त मिळेल.